मधली सीट

गुरुदत्त कामतांच्या वास्तुशांतीच्या पंगतीत मधुसूदन खांबेटे भिंतीकडच्या रांगेत, शेवटून तिसरा बसला होता. निगडीच्या प्राधिकरणातलं नवं घर, भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास, आणि पिवळं सोवळं नेसलेले कामत स्वतः जिलबीचं ताट घेऊन आग्रह करत फिरत होते. मधुसूदननं नको म्हणायला पानावर हात आडवा धरला. तेवढ्यात कामतांची मुलगी धावत आली, वडिलांच्या कानात काहीतरी विचारून तशीच पळाली. कामत तिच्या पाठमोऱ्या वेण्यांकडे क्षणभर बघत राहिले. मग खाली वाकून, शेजारच्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "हिच्याच वयाची असती ना तुमची केतकी."

"हो," मधुसूदन म्हणाला आणि त्यानं हात बाजूला घेतला. जिलबी पानात पडली.

ती त्यानं खाल्ली. मठ्ठा प्यायला. कामत पुढच्या पानाकडे सरकले होते, आणि त्यांचा आवाज इतका आपुलकीचा होता की आधी त्याला वाटलं, यांनी आपल्याला दुसरंच कोणी समजलं असावं. पण तसं नव्हतं. कामत त्याला चांगले ओळखत होते. पिंपरीच्या औषधांच्या कंपनीत ते शुभदाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, आणि शुभदा त्याची बायको होती. त्याला मुलगी झाली होती हेही खरं. सत्तर सालच्या फेब्रुवारीत, चिंचवड स्टेशनजवळच्या एका प्रसूतिगृहात, पहाटे. ती चार तास जगली. तिचं बारसं करण्याचा प्रश्नच आला नाही, म्हणून तिला नाव नव्हतं. नऊ वर्षांत त्याच्या घरात तिचा उल्लेख झाला नव्हता. डॉक्टरांनी पुढे मूल होणार नाही असं सांगितलं तेव्हासुद्धा दोघं 'ते' म्हणाले होते, 'ती' म्हणाले नव्हते. आणि आता तिला नाव होतं. ते त्याला एका परक्या माणसानं, जिलबी वाढता वाढता सांगितलं होतं.

परतताना बसमध्ये शुभदा शेजारी बसली होती. ओटीचा नारळ तिनं मांडीवर धरला होता आणि कामतांच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन कसं थेट ओट्यावर येतं ते सांगत होती. तो तिच्या बोलणाऱ्या ओठांकडे पाहत होता. या ओठांनी ते नाव उच्चारलं होतं. कुठे, हे शोधायला त्याला फार वेळ लागला नाही. महिन्यापूर्वी, जानेवारीत, कंपनीनं शुभदाला आणि कामतांना चार दिवसांसाठी दिल्लीला पाठवलं होतं. येताना मुंबईचं विमान धुक्यात अडकलं. सकाळी सातला माणसं आत बसवली ती दुपारी दोनपर्यंत तिथेच, जमिनीवर. ती घरी आली तेव्हा चप्पल काढता काढता म्हणाली होती, "सात तास नुसतं बसवून ठेवलं. धुकं होतं." त्यानं विचारलं होतं, "काही खायला दिलं का?" ती म्हणाली होती, "दिलं." एवढंच. त्यानंतर तिनं आंघोळ केली आणि वरणभात जेवून लगेच झोपली. आता त्याला आठवलं की त्या दिवसापासून ती बदलली होती. दार ओढून घेताना ते हलक्या हातानं ओढायची. परवा तिनं रस्त्यावर उभं राहून पेरू खाल्ला होता, तिखटमीठ लावून, आणि अर्धा त्याच्यापुढे केला होता. त्याला बरं वाटलं होतं. दिल्ली मानवली हिला, असं त्यानं मनाशी म्हटलंही होतं. दिल्ली नव्हे, सात तास. त्या सात तासांनी जे केलं ते आपल्या लग्नाच्या अकरा वर्षांना जमलं नाही, हे बस आकुर्डीच्या थांब्यावर उभी असताना त्याच्या ध्यानात आलं आणि त्याच्या जिभेवर जिलबीचा आंबूस पाक पुन्हा वर आला.

तो विमानात कधी बसला नव्हता. इंजिनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. सोमवारी डब्याच्या सुट्टीत त्यानं खरेदी विभागातल्या श्यामला गाठलं. श्याम दोनदा विमानानं गेला होता आणि ते सांगायला नेहमी तयार असायचा. "तीन सीटा इकडं, तीन तिकडं, मधनं बोळ," श्याम म्हणाला. "आणि अंग चोरून बसायचं राव. कोपर ठेवायला दोघांत मिळून एकच दांडी." मधुसूदन आपल्या बोर्डाशी परत आला. एका कव्हरचं ड्रॉइंग अर्धवट राहिलं होतं. त्यानं टाकाऊ ट्रेसिंगचा तुकडा घेतला आणि तीन चौकोन काढले, वरून पाहिल्यासारखे, मापात. अठरा इंच, अठरा इंच, अठरा इंच. मधली दांडी दोन इंच. त्या दोन इंचांवर कोणाचं तरी कोपर होतं, सात तास. पहिल्या तासात माणसं घड्याळ बघतात, ओळखीचं बोलतात. दुसऱ्या तासात कंपनीच्या गोष्टी संपतात. मग? वातानुकूलन बंद असेल. काचा बंद, बाहेर सगळं पांढरं, म्हणजे आपण कुठे आहोत हेही दिसत नाही. घर नाही, पिंपरी नाही, नवरा नाही. अशा वेळी माणूस शेजारच्याकडे वळतो. तिनं पदर कसा घेतला असेल, डोळे पुसले असतील का, कामतांनी रुमाल दिला असेल का, हे तो पेन्सिलीचं टोक घासत घासत ठरवत गेला, आणि प्रत्येक गोष्ट एकदा ठरली की ती घडलेलीच वाटायची. खोलीत ब्लूप्रिंटच्या यंत्राचा अमोनिया भरला होता. डोळ्यांना पाणी आलं तरी कोणी विचारण्याचं कारण नव्हतं.

घरी त्यानं आडवळणानं विचारायला सुरुवात केली. भाजी चिरताना ती पाटावर बसली असेल तेव्हा वर्तमानपत्राआडून. "विमानात खिडकी मिळाली होती का तुला?"

"नाही. खिडकीत एक बाई होत्या. मी मधे होते."

मी मधे होते. म्हणजे दुसऱ्या बाजूला कामत. त्यानं खिडकीतली बाई ऐकलीच नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, "झोप लागते का गं तिथे, बसल्या बसल्या?" ती म्हणाली, "कामतसाहेब झोपले होते थोडा वेळ," आणि हसली. हे हसणं त्यानं रात्रंदिवस बाळगलं. झोपलेल्या माणसाचा चेहरा तिनं जवळून पाहिला होता. बुधवारी पोटात दुखतंय म्हणून तो अर्धी रजा घेऊन सायकलनं तिच्या कंपनीच्या फाटकापाशी गेला आणि समोरच्या चहाच्या टपरीत, लाकडी बाकावर, खांबाआड बसला. त्या भागात हवेला आंबलेल्या पिठासारखा वास असतो, औषधांच्या टाक्यांचा. शुभदाच्या साड्यांना तो असायचा आणि लग्नानंतरच्या दिवसांत त्याला तो आवडायचा. पाचला माणसं सुटली. शुभदा आणि कामत बरोबरच आले, फाटकाशी थांबले, कामतांनी काहीतरी सांगितलं, तिनं मान हलवली आणि दोघं दोन दिशांना गेले. एवढंच घडलं. तो चहा न पिता उठला. इतकं साधं बोलतात, म्हणजे बोलण्यासारखं सगळं बोलून झालेलं असणार, असं त्याला वाटलं.

पण याहून खोल एक गोष्ट होती, आणि तिच्याकडे तो सायकल हाकताना जायचं टाळत होता. कामतांनी बायकोचा हात धरला असता तर त्याला राग आला असता. राग त्याला कळला असता. त्यांनी मुलगी घेतली होती. तो त्या सकाळी प्रसूतिगृहाच्या ओट्यावर बसला होता. शुभदाला गुंगीचं औषध दिलेलं होतं, ती दुसऱ्या दिवशीपर्यंत शुद्धीवर येणार नव्हती. सिस्टर पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "बाईंना दाखवायचं का थांबून? की नको?" त्यानं म्हटलं, "नको." तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. नको म्हणणं हीच दया आहे असं त्याला तेव्हा वाटलं, आणि पुढेही ते तसंच आहे असं तो धरून चालला. त्याच्याबरोबर कारखान्यातले बबनराव होते, मोशीचे, मशीनवर काम करणारे, वयानं मोठे. आदल्या संध्याकाळी डबा पोचवायला आले ते थांबलेच होते. "आमच्या मळ्याच्या कडंला जागा हाय, नदीजवळ," बबनराव म्हणाले. "चला." गावाकडं रिकामा परतणारा भाजीचा तीनचाकी टेम्पो त्यांनी हात करून थांबवला. इंद्रायणीच्या काठावर सकाळी साडेनऊला सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी शुभदानं डोळे उघडले तेव्हा तो म्हणाला, "सगळं झालं." तिनं कुठे, कसं, काही विचारलं नाही. ती विचारत नाही याचं त्याला किती हायसं वाटलं होतं. आणि आता नऊ वर्षं गप्प राहिलेल्या त्याच बाईनं एका परक्याला, दोन इंचांच्या दांडीवरून, नाव दिलं होतं.

शनिवारी दोघांना अर्धा दिवस असायचा. दुपारी शुभदा खिडकीत गहू निवडत बसली होती. त्याच्या मनात पुष्कळ वाक्यं तयार होती, त्यातलं एकही आलं नाही. तो उभ्यानंच म्हणाला, "केतकी कोण?"

तिचे हात थांबले नाहीत. दोन खडे तिनं बाजूला टाकले. "कामतसाहेब बोलले का?"

"जिलबी वाढताना."

"म्हणजे ते झोपले नव्हते तर," ती म्हणाली, जरा विचार करून. मग सूप खाली ठेवलं. "मला वाटलं झोपलेत."

"तू त्यांना सांगितलंस."

"त्यांना कशाला सांगू मी?" तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि गेल्या सहा दिवसांतले सगळे प्रश्न तिला एकदम समजले असावेत, कारण तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग अगदी शांत झाला. "बसा खाली. उभ्यानं नको."

तो बसला. ती सांगत गेली. खिडकीतल्या बाईंचं नाव कौशल्याबाई होतं, परभणीकडच्या. जन्मात पहिल्यांदा विमानात बसलेल्या. त्यांचा मुलगा सैन्यात होता, दिल्लीच्या इस्पितळात वारला. सरकारनं तिकीट काढून नेलं होतं आणि तिकीट काढूनच परत पाठवत होते. मांडीवर एक पिशवी, ती त्या कोणालाही वर ठेवू देईनात. पहिले दोन तास त्या धुक्याकडे बघत बसल्या. विमान एकदा हललं, थोडं चाललं, पुन्हा परत येऊन उभं राहिलं. आत उकडायला लागलं. पाणी संपलं. मागे कोणाचं तरी मूल रडून रडून निळं पडत होतं, माणसं उठून भांडत होती, दार उघडा म्हणत होती, आणि विमानातली मुलगी तेच सांगत होती, आता उठेल धुकं, आता अर्धा तास. "तेव्हा त्यांनी पिशवीतून एक स्वेटर काढला," शुभदा म्हणाली. "हिरवा. हुंगला, आणि माझ्या हातात दिला. बघ म्हणाल्या, अजून वास हाय. मी हुंगला. मला वास काही आला नाही, पण हाय म्हटलं. मग त्यांनी विचारलं, तुला लेकरं किती बाई?"

हा प्रश्न शुभदाला शेकडो वेळा विचारला गेला होता. हळदीकुंकवात, प्रयोगशाळेत, बसथांब्यावर. नाही म्हणायचं आणि विषय बदलायचा, हे तिला सवयीनं जमायचं. "त्या दिवशी मी म्हटलं, एक. गेली, नऊ वर्षं झाली. त्या अरे अरे काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, नाव काय ठिवलं व्हतं? आता त्यांना काय सांगू, की नाव नाही? बिननावाची म्हणू? मी म्हटलं, केतकी." ती थांबली. "तोंडून निघेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. तुमच्यापासून लपवून ठेवलेलं नव्हतं ते. तिथेच झालं."

मधुसूदननं तिनं टाकलेला एक खडा बोटांत धरला. सहा दिवस छातीत धरून ठेवलेलं काहीतरी सैल पडत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. हे इतक्यावर संपलं तर बरं, असं त्याच्या मनात आलं. पण तिनं सूप पुन्हा हातात घेतलं नव्हतं.

"मग त्यांनी विचारलं, दिसायला कशी व्हती?" शुभदा म्हणाली. "सगळं विमान ओरडत होतं आणि त्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, मला माहीत नाही. माझ्या मालकांना माहीत आहे. त्यांनी बघितली. त्या म्हणाल्या, मंग इचारलं न्हाईस? मी म्हटलं, नाही. का न्हाई? मी म्हटलं, मला त्यांचा हेवा वाटतो म्हणून."

"माझा?"

"तुमचाच. नऊ वर्षं." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही वर्तमानपत्रावर वाकून बसलेले असता, मी बघते आणि वाटतं, याच्या डोळ्यांत आहे ती. याला हवी तेव्हा बघता येते. नऊ महिने मी वागवली आणि चेहरा तुम्हाला मिळाला. मी मागितला असता तर तुम्ही सांगितला असता, पण सांगितलेला चेहरा म्हणजे उष्टा. तो मला नको होता. विमानात कळलं की उष्टाही चालेल. महिना झाला, रोज विचारीन म्हणते. सांगा आता. केस होते का तिला?"

खिडकीबाहेर कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. मधुसूदनला चेहरा सांगणं सोपं होतं. काळेभोर केस, तुझ्यासारखं नाक. ती मानली असती आणि आयुष्यभर तेवढ्यावर जगली असती. त्यानं तोंड उघडलंही.

"मी पाहिली नाही," तो म्हणाला.

तिला कळलं नाही.

"कपडा उघडला नाही मी. सिस्टरनं विचारलं होतं, पाहायचंय का. दोनदा विचारलं. मला धीर झाला नाही." आणि मग, नऊ वर्षं कोणालाही न सांगितलेलं, तो सांगत गेला. टेम्पोत ती त्याच्या मांडीवर होती. भोसरीच्या पुढे रस्ता खराब होता, धक्के बसत होते, म्हणून त्यानं उजवा हात खाली घातला होता. हाताला मुंग्या आल्या. बबनराव म्हणाले, द्या इकडं, पण त्यानं दिली नाही आणि हातही बदलला नाही. "वजन माहीत आहे मला," तो म्हणाला. "चेहरा नाही. तेवढंच आहे माझ्याकडे."

शुभदा बराच वेळ त्याच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. ती रडेल, किंवा उठून आत जाईल, असं त्याला वाटलं. ती म्हणाली, "म्हणजे कोणीच नाही पाहिली."

"बबनरावांनी पाहिली. खड्ड्यात ठेवायच्या आधी त्यांनी कपडा सोडला. तोंडात पाणी घालावं लागतं म्हणाले. मी नदीकडे तोंड करून उभा होतो."

"आहेत का ते अजून?"

"निवृत्त झाले. मोशीलाच असतात."

रविवारी सकाळी दोघं मोशीच्या बसनं गेले. भोसरी मागे पडल्यावर ती म्हणाली, "इथे का?" आणि तो म्हणाला, "हो, इथून पुढे." रस्ता आता डांबरी झाला होता. बबनराव मळ्यात कांद्याच्या वाफ्यात बसून गवत काढत होते. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, तरी त्यांनी मधुसूदनला चालीवरून ओळखलं. "खांबेटेसायेब," ते म्हणाले आणि मातीचे हात धोतराला पुसत उठले. शुभदाकडे पाहून त्यांनी काही विचारलं नाही. पुढे होऊन चालायला लागले. बांधावरून जाऊन, एका बाभळीच्या अलीकडे, ते थांबले. तिथे काहीच नव्हतं. हरळी होती, आणि खाली नदीचं पाणी, हिवाळ्यानंतरचं, संथ.

"हितं," बबनराव म्हणाले. "नांगर घातला न्हाई म्या इकडं. पोरान्लाबी सांगून ठिवलंय."

शुभदा खाली बसली. हरळीवर हात टेकून, वर न बघता तिनं विचारलं, "बबनराव, तुम्ही तिला पाहिलं होतं ना?"

"व्हय की."

"कशी होती?"

म्हातारा उकिडवा बसला. मधुसूदन उभाच राहणार होता, पण तोही बसला. बबनराव घाई न करता आठवत होते, एखादा गेलेला बैल आठवावा तसे, रंग, शिंगं, ठेवण, नीट क्रमानं. "केस व्हते," ते म्हणाले. "वल्ले, हितं कपाळाला चिकाटलेले. रंग सावळा, सायबांवानी. हनुवटीला हितं बारीक खळगा व्हता, त्यो तुमचा हाय बगा बाई. पाणी घातलं तं ओठ वाईच उघडलं. एक डोळा पुरता मिटला न्हवता. म्या मिटवला, ह्या बोटानं." आणि त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट पुढे करून दाखवलं, कांद्याच्या मातीनं काळं झालेलं, नख चिरलेलं. सांगताना त्यांचं तोंड उजळलं होतं. हे सगळं इतकी वर्षं त्यांच्यापाशी शाबूत होतं आणि ते विचारायला कोणी आलं नव्हतं.

मधुसूदन त्या बोटाकडे बघत होता. त्याच्या जिभेवर तोच ओळखीचा आंबूसपणा वर आला, कामतांकडून परतताना बसमध्ये आला होता तो. त्यानं शुभदाकडे पाहिलं. तीही त्या बोटाकडेच बघत होती, ओठ घट्ट मिटून, आणि तिच्या डोळ्यांत काय आहे ते विचारण्याची त्याला गरज पडली नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघांना एकाच वेळी, एकाच माणसाचा हेवा वाटत होता. तिनं हात मागे केला. तो चाचपडत त्याच्या मनगटापर्यंत आला आणि तिथे थांबला. बबनराव अजून सांगत होते.